जुनी आलिशान गाडी रस्त्यावर कशी तपासावी

इंजिनाचे काम झाले, ब्रेक उघडून बसवले, क्रोमला चकाकी आली, की गाडी बाहेर काढायची घाई सुटते. मग बरेच जण थेट मोठ्या रस्त्याला लागतात, दहा-पंधरा किलोमीटर फिरतात आणि ‘मस्त चालते’ असा निर्वाळा देऊन परततात. जुन्या आलिशान गाडीच्या बाबतीत या निर्वाळ्याला फारशी किंमत नाही. या गाड्या दोष लपवण्यात वाकबगार असतात. दोन टनांच्या आसपास वजन, जाड गालिचे, तळाला डांबरी थर, इंजिनाखाली मऊ रबरी माउंटिंग. साध्या हलक्या गाडीत ज्या बेअरिंगची घरघर पहिल्या वळणावर कळेल, ती इथे आत बसलेल्याला महिनोन्महिने ऐकू येत नाही. म्हणून चाचणी अशी आखायची की गाडीच्या आरामाचा पडदा बाजूला होईल आणि एका वेळी एकाच यंत्रणेकडे लक्ष राहील.

क्रमही ठरलेला हवा. गाडी थांबते का, सरळ जाते का, थंड राहते का, आणि सगळ्यात शेवटी ती धावते कशी. एक टप्पा पार पडल्याशिवाय पुढचा सुरू करायचा नाही. ब्रेकची खात्री नसताना वेग बघायला जाणे म्हणजे आधी कळस मग पाया.

निघण्याआधी

टायरपासून सुरुवात करा, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. कमी फिरलेल्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र वाळून गेलेले असते. २००० सालापासूनच्या टायरवर चार आकडी तारीख असते; ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर किंवा बाजूला बारीक भेगा पडलेला टायर दिसला, तर चाचणी पुढे ढकला. हवा थंड टायरमध्येच तपासा. चाकांच्या नट टॉर्क पान्याने आवळा. तारांची चाके असतील तर मधली मोठी नटही बघा.

मग तेल-पाणी. इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. रोल्स-रॉईस सिल्व्हर शॅडोच्या ब्रेक यंत्रणेत ‘आरआर ३६३’ हे ब्रेक ऑईल लागते, तर १९८० नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये खनिज तेल. दिसायला दोन्ही गाड्यांची यंत्रणा सारखी, पण एकीचे तेल दुसरीत पडले की आतली रबरी सील फुगतात किंवा विरघळतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते. टाकीच्या झाकणावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय डबा उघडू नका.

पेट्रोलचे रबरी पाइप हाताने वाकवून बघा. कडक झाले असतील किंवा चिरलेले दिसले तर आधी बदला. आत बसून दारे बंद केल्यावर पेट्रोलचा किंवा धुराचा वास येत असेल तर तिथेच थांबा. बाहेर पडणारच असाल तर अग्निशामक नळकांडे हाताशी हवे, डिकीत सामानाखाली नको.

हायड्रॉलिक किंवा हवेवरचे सस्पेन्शन असेल, म्हणजे मर्सिडीज ६००, ३०० एसईएल ६.३ किंवा सित्रोएन डीएससारखी गाडी असेल, तर चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मोजायची आहे. आणि अशा गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय कधीच शिरू नका. दाब उतरला की गाडी आवाज न करता खाली बसते.

बरोबर घ्यायचे सामान थोडेच आहे: इन्फ्रारेड थर्मामीटर, टॉर्च, खडू, चिंध्या, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, वही. आणि एक माणूस. चालवणाऱ्याने चालवायचे, शेजारच्याने आकडे आणि आवाज लिहायचे. शेजारी बसून चालवण्यावर सल्ले देणारा उंटावरचा शहाणा मात्र नको. शक्य असेल तर मागून दुसरी गाडी येऊ द्या. सायलेन्सरचा धूर तिथूनच नीट दिसतो.

जागेवर उभी असताना

इंजिन रात्रभर थंड राहिलेले असावे. कोणी ‘तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली होती’ असे म्हणाले तर त्या दिवशी चाचणी करू नका. थंड सुरुवातीत जे कळते ते नंतर कळत नाही. सुरू झाल्यावर ऑईल प्रेशर काही सेकंदांत वर यायला हवे. कॅमचा खटखटाट सुरुवातीला थोडा वेळ झाला आणि थांबला तर ठीक, गरम झाल्यावरही राहिला तर नोंद करा.

व्हॅक्युम गेज असेल तर इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांना जोडा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवते आणि काटा स्थिर असतो. उंचीवर दर हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी धरायचा. आकड्यापेक्षा काट्याची चाल महत्त्वाची: ठराविक तालात तो खाली झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि सावकाश डोलत असेल तर कार्बोरेटरचे मिश्रण बघा.

चार्जिंग पटकन बघून घ्या. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन थोडे रेस केल्यावर १४ च्या आसपास, ६ व्होल्टच्या गाडीत ७ च्या थोडे वर. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉडीला बॅटरीचे धन टोक जोडलेले असते; तिथे आजकालचे चार्जर आणि यंत्रे न बघता जोडायची नाहीत.

ब्रेक: आधी अंगणात, मग रस्त्यावर

पेडल दाबून धरा. अर्ध्या मिनिटात ते हळूहळू तळाला जात असेल तर मास्टर सिलिंडरची आतली सील गळते आहे. बाहेर एक थेंबही दिसणार नाही, कारण तेल सिलिंडरच्या आतच इकडून तिकडे जाते. दाबल्यावर स्पंजासारखे लागत असेल तर हवा आहे.

सिल्व्हर शॅडोची तऱ्हा वेगळी. तिच्या ब्रेकचा दाब इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारे दोन पंप तयार करतात आणि तो ॲक्युम्युलेटर नावाच्या नायट्रोजन भरलेल्या टाकीत साठतो. तंत्र सित्रोएनकडून परवान्याने घेतलेले. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करा, इग्निशन चालू ठेवा आणि ब्रेक पूर्ण दाबत-सोडत मोजत राहा. डॅशबोर्डवरचे दाबाचे दिवे किती वेळाने लागतात ते बघायचे. चांगल्या गाडीत कित्येक डझन वेळा दाबावे लागते. पाच-दहा वेळांत दिवा लागला तर त्या सर्किटच्या ॲक्युम्युलेटरमधला वायू संपत आला आहे, आणि अशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही. दोन्ही दिव्यांचे आकडे वेगवेगळे लिहा. एक सर्किट ठणठणीत आणि दुसरे मरणपंथाला, असे सर्रास दिसते. आणि हे करण्याआधी दिवे मुळात लागतात का ते बघा. उडालेल्या बल्बमुळे ‘ठीक आहे’ असा समज होण्यासारखे धोक्याचे दुसरे काही नाही.

त्याआधीच्या रोल्स-रॉईसमध्ये, सिल्व्हर क्लाउडपर्यंत, गिअरबॉक्सवर फिरणारा यांत्रिक सर्वो, म्हणजे पेडलला जोर देणारे साधन, असे. ही युक्ती हिस्पानो-सुइझाने १९१९ च्या एच-६ गाडीत आणली आणि रोल्स-रॉईसने पुढे परवाना घेतला. सर्वोची ताकद गाडीच्या चालण्यातून येते, त्यामुळे गाडी उभी असताना पेडलला मदत मिळत नाही आणि अगदी मंद वेगात ब्रेक लागायला क्षणभर उशीर झाल्यासारखे वाटते. ही त्या यंत्रणेची रीत आहे, बिघाड समजून पुर्जे बदलत बसू नका. मात्र ब्रेक एकदम झडप घालत असेल किंवा मध्येच सुटत असेल तर सर्वोच्या लायनिंगपर्यंत तेल पोहोचले आहे का ते बघावे लागते.

अंगणात वीसच्या वेगाने दोन-चारदा थांबून झाले की सरळ, रिकामा, कोरडा रस्ता गाठा. ३० वरून हलका ब्रेक, मग ५० वरून मध्यम. स्टिअरिंग हलक्या हाताने धरा म्हणजे गाडी कुठे ओढते ते कळेल. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे शंका आली तर तीच चाचणी उलट दिशेने करून बघा. ओढ बदलली तर रस्ता, तीच राहिली तर गाडी. ड्रम ब्रेक पहिल्या एक-दोन वेळा ओलाव्यामुळे वाकडे धरतात, ते सोडून द्या.

आता थांबा आणि चारही चाकांचे तापमान थर्मामीटरने मोजा. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवते, म्हणून निघण्यापूर्वीच ड्रमवर किंवा चाकाच्या मधल्या भागावर उष्णता सोसणारा काळा रंग बोटभर लावून ठेवावा आणि दर वेळी तिथेच मोजावे. पुढची दोन चाके एकमेकांच्या जवळपास हवीत, मागची दोन एकमेकांच्या. एकच चाक जास्त तापले असेल तर ब्रेक सुटत नाही. अशा वेळी सगळे जण कॅलिपरला धरतात. मी आधी रबरी होज बघतो. जुनी होज आतून फुगते आणि झडपेसारखी वागते: पेडलच्या जोराने तेल आत जाते, परत यायला मात्र वाट मिळत नाही. ते चाक उचलून फिरवा. जाम असेल तर ब्लीड निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू, किंचित सैल करा. चाक मोकळे झाले तर दाब आत अडकला होता, दोष बहुतेक होजमध्ये. तरीही जाम राहिले तर कॅलिपर किंवा शू.

ब्रेकचा टप्पा निर्दोष झाला नसेल तर इथूनच माघारी फिरा.

स्टिअरिंग आणि सस्पेन्शन

जुन्या स्टिअरिंग बॉक्समध्ये थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असतोच. तो मधोमध किती आहे आणि वळल्यावर किती, याची तुलना करा. बॉक्स मधल्या जागी जास्त झिजतो; मधला प्ले काढायला स्क्रू आवळला आणि टोकाला स्टिअरिंग जड झाले, तर आवळणे सोडून द्या. वळून बाहेर पडल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायला हवे. होत नसेल तर किंगपिनला, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिला, ग्रीस पोहोचलेले नाही किंवा अलाइनमेंट बिघडली आहे. काही गाड्यांत, उदाहरणार्थ १९२९ च्या रोल्स-रॉईस फँटम २ मध्ये, सगळ्या चेसिसला एकाच पंपाने तेल पोहोचवणारी यंत्रणा होती. पंप चालतो म्हणजे तेल पोहोचते असे नाही; वर्षानुवर्षे उभ्या गाडीत तिच्या बारीक वाटा बुजलेल्या असतात. पंप दाबल्यावर प्रत्येक सांध्यापाशी ओल दिसते का, हे डोळ्यांनी बघा.

गरम होणे

आता अर्धा-पाऊण तास मध्यम वेगाने चालवा. तापमानाचा काटा जिथे स्थिरावतो ती जागा लिहा. मग गाडी उभी करून इंजिन दहा मिनिटे आयडलिंगवर ठेवा. चालत्या गाडीत ठीक आणि उभ्या गाडीत चढते, तर पंखा, त्याचे कव्हर किंवा वेळ चुकलेले इग्निशन. आयडलिंगवर ठीक आणि वेगात चढते, तर रेडिएटर. थर्मामीटर रेडिएटरच्या तोंडावरून आडवा-उभा फिरवा. मध्येच एखादा पट्टा बराच थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. गरम रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

ऑईल प्रेशरचा खरा आकडा याच वेळी मिळतो. थंड इंजिनाचा भरघोस दाब बघून खूश होण्यात अर्थ नाही. जग्वारच्या एक्सके इंजिनाला गरम असताना ३००० आरपीएमला ४० पौंडांच्या आसपास दाब अपेक्षित असतो; तुमच्या गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल. मूळ गेजवर विसंबू नका, चाचणीपुरते यांत्रिक गेज जोडा.

मग इंजिन बंद करा आणि पंधरा मिनिटे बोनेट न उघडता थांबा. पंखा आणि पाणी थांबल्यावर बोनेटखालची उष्णता वाढते, कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळते. या वेळेनंतर गाडी सुरू झाली नाही आणि पेट्रोलचा भपकारा आला तर पेट्रोल सांडून इंजिन ‘ओव्हर’ झाले आहे. वास नाही आणि वाटी कोरडी असेल तर पाइपात वाफ धरली आहे. दोन्ही ठीक असून ठिणगीच नसेल, आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर गाडी काहीच न झाल्यासारखी सुरू झाली, तर कॉइल किंवा कंडेन्सर. हे दोन पुर्जे थंडपणी निर्दोष दिसतात म्हणूनच कितीतरी कार्बोरेटर विनाकारण उघडले गेले आहेत.

आवाज आणि थरथर

हा भाग घाईने उरकायचा नाही. खिडक्या खाली, रेडिओ बंद, आणि रस्त्याच्या कडेला लांब भिंत असेल अशी जागा शोधा. भिंतीवरून आदळून परत येणारा आवाज गाडीच्या आतल्या आवाजापेक्षा खूप स्पष्ट असतो. भिंत एका बाजूने झाली की परत फिरून दुसऱ्या बाजूने.

आवाज कशाबरोबर बदलतो, हा एकच प्रश्न विचारत राहायचा. वेग तोच ठेवून गिअर बदला: आवाज बदलला तर तो इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सचा, तसाच राहिला तर गिअरबॉक्सच्या मागचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, बेअरिंग किंवा टायर. उभ्या गाडीत तेवढेच आरपीएम करून थरथर आली तर इंजिनाचे माउंटिंग बघा. इंजिन मात्र चालत्या गाडीत कधीही बंद करायचे नाही. स्टिअरिंगची आणि ब्रेकची मदत त्याच्यावर असते.

घरघर वळणावर वाढते का बघा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येते, त्यामुळे तेव्हा वाढणारी घरघर बहुधा उजव्या बाजूच्या बेअरिंगची. उजवीकडे वळताना याच्या उलट. डिफरन्शियलचे रडणे ओळखायला सोपे: पाय दाबला की एक सूर, सोडला की दुसरा, आणि मधल्या एका अवस्थेत शांतता. टायरच्या आवाजावर पाय दाबण्या-सोडण्याचा परिणाम होत नाही, रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की तो बदलतो.

पाय सोडून पुन्हा दाबल्यावर ‘ठक्’ असा एकच आवाज आला तर युनिव्हर्सल जॉइंट किंवा डिफरन्शियलमधला प्ले. घरी आल्यावर चाकांना ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळून बघा. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना खडूने एक सरळ रेघ ओढलेली असेल तर रेघ कुठे तुटते ते डोळ्यांना दिसते.

थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवली आणि ठराविक वेगाच्या पट्ट्यात येऊन निघून गेली तर पुढच्या चाकांचा बॅलन्स. सीटखाली जाणवली तर मागची चाके किंवा शाफ्ट. बरेच दिवस उभी असलेली गाडी पहिले काही किलोमीटर टायर चपटे झाल्यामुळे थरथरते. ते गरम होऊन गोल झाल्यावरच नोंद घ्या.

गिअर, चढ आणि धूर

साध्या गिअरबॉक्सच्या गाडीत क्लच घसरतो का ते वरच्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाला पाय पूर्ण दाबून बघा. आरपीएम चढले आणि वेग चढला नाही तर क्लच गेला. गिअर न खरखरता जुळवणारा सिंक्रोमेश १९२८ साली कॅडिलॅकने आणला. त्याआधीच्या गाडीत गिअर ‘खरखरतो’ अशी तक्रार करण्यापूर्वी डबल क्लच (गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणे) नीट जमतो का ते स्वतःचेच तपासा.

ऑटोमॅटिकमध्ये एकसारखेपणा बघायचा. पाय तेवढाच ठेवला तर गिअर दर वेळी साधारण त्याच वेगाला बदलायला हवा. मध्येच इंजिन मोकळे पळाल्यासारखे वाटले तर आतल्या क्लचला दाब कमी पडतो आहे. सिल्व्हर शॅडोतल्या आणि त्या काळच्या कॅडिलॅकमधल्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये एक खास दोष सापडतो. त्याच्या व्हॅक्युम मॉड्युलेटरचा पडदा फाटला की गिअरचे तेल इंजिनाच्या इनटेकमध्ये ओढले जाते. सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो, माणसे हेड गॅस्केट उघडायला निघतात, आणि इकडे गिअर ऑईल मात्र गळती न दिसता कमी होत राहते. मॉड्युलेटरची व्हॅक्युम नळी काढून आत तेल आहे का बघा. दोन मिनिटांचे काम आहे.

मग उतार शोधा. खालच्या गिअरमध्ये पाय सोडून गाडी उतरू द्या आणि तळाशी एकदम पाय दाबा. मागच्या गाडीतल्याला तेव्हा निळा झोत दिसला तर व्हॉल्व्ह गाइड किंवा त्यांची सील. चढावर जोर लावताना सतत निळा, तर रिंगा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. गरम इंजिनातून न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतो आहे. चढावर जोर लावल्यावर मिसिंग (इंजिनाचा ठोका मधूनच चुकणे) आले आणि सपाटीवर गेले तर आधी प्लग आणि त्यांच्या वायरी, मग पेट्रोलचा पुरवठा.

हे सगळे सुरळीत झाले तरच मोकळ्या मोठ्या रस्त्यावर ८०-९० पर्यंत. स्पीडोमीटर फोनच्या जीपीएसशी ताडून बघा आणि फरक लिहून ठेवा. नुकत्याच बांधलेल्या इंजिनाला एकसारख्या वेगात कोंबून ठेवू नका. वेग खाली-वर करत राहा म्हणजे नव्या रिंगा बसतात.

परत आल्यावर

गाडी जिथे उभी राहते तिथे खाली पांढरा पुठ्ठा पसरा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा पेनाने आखा. सकाळी डाग कुठल्या जागेखाली आहे यावरून अर्धे निदान होते. लालसर डाग बहुधा गिअरचा किंवा पॉवर स्टिअरिंगचा, काळा इंजिनाचा, जाड आणि उग्र वासाचा डिफरन्शियलचा. ब्रेकचे तेल पातळ असते. चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसला तर तो पुसून टाकण्याआधी फोटो काढा. हवेच्या सस्पेन्शनची उंची पुन्हा मोजा आणि कुठला कोपरा खाली बसला ते लिहा. चाकांच्या नट थंड झाल्यावर पुन्हा आवळा, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा.

दुरुस्त्या करताना वहीतला एक दोष, एक बदल, मग त्याच रस्त्यावर तीच चाचणी. एकाच दिवशी प्लग, कॉइल आणि कार्बोरेटरचे जेट बदलले तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळणार नाही. ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या कुठल्याही पुर्जाला हात लागला असेल, तर पुन्हा अंगणातल्या वीसच्या वेगापासून सुरुवात.